रंगाचे कण

अल खोर, १० ऑक्टोबर २०२५

ताई,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर एकच बारीक खूण येते, म्हणजे तू मला बंद करून ठेवलं आहेस. म्हणून कागदावर लिहितोय. माझ्या खोलीत राहणारा धवल परवा नाशिकला निघालाय. तो पाकीट तुझ्या सासऱ्यांच्या हातात देईल. फाडायचं असेल तर फाड, पण त्यांच्यासमोर नको.

वरुणला जाऊन काल सहा महिने झाले.

आई म्हणते, तिला वेळ दे. मी देतोय. पण एप्रिलमध्ये रामकुंडावर मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो आणि तुझी उर्वी माझ्याकडे यायला निघाली तेव्हा तू तिचा हात घट्ट धरलास. नऊ वर्षांच्या मुलीचा हात इतका घट्ट धरावा लागत नाही. तेव्हाच मी समजलो.

तुझा राग कशाचा आहे ते मला माहीत आहे. झांबियातली ती नोकरी वरुणने माझ्यासाठी मागून घेतली होती. तो त्सेत्से माशीचा माणूस, मी जनावरांचा डॉक्टर. त्याने माशा कमी करायच्या आणि मी गावोगाव गायींचं रक्त तपासून त्यांच्यातला नगाना, म्हणजे त्याच माशीने पसरणारा आजार, कमी होतोय का ते सांगायचं, असं ठरलं होतं. तुम्ही मला खोलीसुद्धा बघून ठेवली होतीत. आणि निघायला तीन आठवडे उरले असताना मी कतारची नोकरी घेतली. वरुण फोनवर एवढंच म्हणाला, "शर्यतीच्या उंटांना सुया टोचायला चाललास. जा." त्यानंतर दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही.

मी तिथे असतो तर रोज सूक्ष्मदर्शकावर बसलेला असतो. त्याचा ताप पहिल्या आठवड्यात ओळखला असता. हे तू मनात म्हणत असशील आणि ते खरं आहे. मी आलो नाही, ही माझी चूक. मान्य करतो, लेखी.

त्याच्या आजारपणात माझं त्याच्याशी फारसं बोलणं झालं नाही. एकदा मेसेज आला होता, ताप आहे म्हणून. मी काळजी घे म्हणालो. तेवढंच.

इथलं सांगतो. फार्म अल खोरपासून आत चाळीस मिनिटांवर आहे. एकशे चाळीस उंट. मालक समैस्माला राहतात, गुरुवारी संध्याकाळी येतात, खजूर आणि कॉफी होते, मग प्रत्येक उंटाची चौकशी. आता ऊन उतरलंय, शर्यती सुरू होतील. कामाचा त्रास नाही. माणसं चांगली आहेत.

भाऊबीजेला येत नाही. कुणी बोलावलंही नाही.

कौशिक


अल खोर, १ नोव्हेंबर २०२५

ताई,

धवल परत आला. म्हणाला, "पत्र दिलं. तुझी बहीण दारातच भेटली. घेतलं, आभार मानल्यासारखी मान हलवली आणि आत गेली." मी त्याला तीनदा विचारलं की चेहरा कसा होता. तो इंजिनिअर माणूस. म्हणाला, "नॉर्मल."

आता इथल्या पोस्टातून रजिस्टर करून पाठवतोय.

आज फार्मवर एक गंमत झाली, ती सांगतो. आमच्याकडे नूरी म्हणून एक राखणदार आहे, सुदानचा. पन्नाशीच्या पुढचा, उंच, काटक. त्याचं गाव युद्धात गेलं, बायको कुठल्यातरी छावणीत आहे. तो त्याबद्दल बोलत नाही. मोडकं हिंदी आणि अरबी मिसळून बोलतो. सकाळी फार्मवरच्या माझ्या तपासणीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"दकतूर, जैतून बीमार आहे."

जैतून ही आमची जुनी सांडणी. एका काळी शर्यती जिंकायची, आता पिल्लं देते. अकरा महिन्यांची गाभण आहे. उंटाला तेरा महिने लागतात, म्हणजे दोन राहिले.

"खात नाही का?" मी विचारलं.

"खाते."

"ताप?"

"तू बघ."

गेलो. जैतून उभी होती, रवंथ चालू होता. ताप नव्हता. मदार थोडी उतरलेली, पण उन्हाळ्यानंतर उतरतेच. मी म्हटलं, काही नाही हिला. नूरी खाली वाकला. तिने जिथे मूत्र केलं होतं तिथली ओली वाळू त्याने मुठीत उचलली, हुंगली आणि माझ्या नाकापुढे धरली.

"वास बदलला. माझा बाप असाच ओळखायचा. माशीचा आजार आहे."

माशीचा आजार म्हणजे सर्रा. आपल्याकडेही उंटाघोड्यांना होतो. तुझ्या घरात हे सगळं बोललं जायचं, तुला काय सांगू, पण तरी सांगतो, कारण वरुणला हे सांगायला आवडायचं. जंतू नगानाच्या जंतूचा चुलतभाऊ. नगानाचा जंतू त्सेत्सेच्या पोटात मुरतो, वाढतो, तिच्या थुंकीत उतरतो. सर्राच्या जंतूला ते घर लागतच नाही. गोमाशी एका जनावराला चावते, अर्धवट उडते आणि रक्ताने माखलेली सोंड घेऊन दुसऱ्यावर बसते. वरुण म्हणायचा, "तुझी माशी नुसती पोस्टमन आहे रे. माझी आई आहे." आणि मग उर्वीला मांडीवर घेऊन सांगायचा की त्सेत्से एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, तिला आतल्या आत दूध पाजते, म्हणूनच तिची प्रजा हळू वाढते. रोज शंभरातल्या चार माद्या मारल्या तरी काही वर्षांत खोरं रिकामं होतं. उर्वी विचारायची, "बट बाबा, हू टेल्स द बेबी?"

तर मी जैतूनच्या कानाच्या शिरेतून थेंब घेतला, दहा मिनिटं बघितला. काही नाही.

"क्लीन आहे, नूरी."

"पुन्हा बघ."

"मशीनमधून बघितलं ना. मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन बघत नाही, दकतूर. तू बघतोस."

मला हसू आलं. त्याने तिला वेगळ्या कुंपणात बांधली होती. मी तिला परत कळपात सोडायला लावली. मालक पाहुणे घेऊन येणार होते, आणि एकट्या बांधलेल्या सांडणीबद्दल त्यांनी प्रश्न विचारले असते.

उर्वीची शाळा कशी चालली आहे? तिथल्या मुलांशी मराठीत बोलते का, की अजून इंग्रजीच?

कौशिक


अल खोर, ८ नोव्हेंबर २०२५

ताई,

मागच्या पत्रात मी गंमत असा शब्द लिहिला होता. तो खोड.

मंगळवारी जैतून बसली, ती उठेना. ताप एकशे चारच्या वर. डोळ्यांतून पाणी, पोटाखाली सूज. नूरी तिच्या मानेशी बसून होता. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी पुन्हा रक्त घेतलं. या वेळी नळीत भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, कारण सर्राचे जंतू कधी रक्तात दिसतात, कधी दडी मारून बसतात. एका थेंबावर निकाल द्यायचा नसतो. हे मला कॉलेजपासून माहीत आहे. शनिवारी मी एका थेंबावर निकाल दिला होता, कारण मला घाई होती आणि सांगणारा राखणदार होता.

नळीत पांढऱ्या थराच्या काठाशी हालचाल दिसली. खूप हालचाल. मग खात्रीसाठी स्लाइड रंगवली. रंग जुना झाला होता, नीट बसला नाही. सगळीकडे जांभळे ठिपके, रंगाचे कण, गाळ. आणि त्या गाळात एका तांबड्या पेशीच्या कडेला तो होता. बारीक, वळलेला, शेपटी बाहेर आलेली. एकदा दिसला की दिसतोच. पण डोळा फिरला असता तर मी शपथेवर सांगितलं असतं की कण आहे.

ताई, मी खुर्चीवरून उठलो आणि बाहेर येऊन टाकीच्या सावलीत बसलो. नूरीला वाटलं मला ऊन लागलं. त्याने पाणी आणून दिलं.

जैतूनला औषध दिलं आहे. सगळ्या कळपाचं रक्त काढतोय. चार दिवस ती त्यांच्यात होती आणि या दिवसांत गोमाशा अजून आहेत.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. ती कुठली ते आज लिहवत नाही. पुढच्या शुक्रवारी सुट्टी आहे. तेव्हा बसतो.

कौशिक


अल खोर, १४ नोव्हेंबर २०२५

ताई,

सकाळपासून तीन कागद फाडले. आता एकदाच सांगतो.

वरुणचा मेसेज नुसता ताप आहे असा नव्हता.

फेब्रुवारीत, चौदा तारखेला, शुक्रवारी. मी शहानियाच्या मैदानावर होतो. इथे उंट धावतात तेव्हा शेजारच्या रस्त्याने गाड्याही धावतात, मालक गाडीतून ओरडत असतात. मी मालकांच्या मागच्या सीटवर होतो. आमचा उंट तिसरा होता, दुसरा होत होता. तेवढ्यात फोन थरथरला. दोन महिन्यांनी त्याचं नाव दिसलं. चार फोटो आणि खाली मजकूर. तो मला पाठ आहे.

"सहा दिवस ताप. मलेरियाची टेस्ट दोनदा निगेटिव्ह. डाव्या खांद्यावर माशी चावली तिथे गळू झालंय, दुखतं. माझंच रक्त आहे, मीच रंगवलं, हात थरथरत होते म्हणून रंग बिघडलाय. चौथ्यात मला काहीतरी दिसतंय, पण स्वतःच्या रक्ताच्या बाबतीत माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही. तू बघून सांग."

मी पहिला फोटो उघडला. दुसरा उघडला. ठिपकेच ठिपके होते. माझ्या मनात आलं की दोन महिने हा माणूस बोलला नाही आणि आता काम पडल्यावर बरी आठवण झाली. उंटांना सुया टोचणाऱ्याची. हे इतकंच मनात आलं, ताई, मी दुसरं काही सांगून ते सजवत नाही. तिसरा आणि चौथा फोटो मी उघडले नाहीत. लिहिलं, "रंगाचे कण आहेत. तिथल्या उन्हात टेस्ट किट खराब होतात. मलेरियाचा कोर्स पूर्ण कर."

त्याने लिहिलं, "बरं."

एवढाच शब्द. मग आमचा उंट दुसरा आला आणि मालकांनी मला मिठी मारली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तू लुसाकाच्या हॉस्पिटलमधून फोन केलास. म्हणालीस की झोपेचा आजार निघाला, त्सेत्से चावून माणसाला होतो तो, पाठीच्या पाण्यात जंतू सापडले, औषध सुरू केलंय, पण फार पुढे गेलंय आणि हृदयाला सूज आहे. आणि मी तुला विचारलं, "अगं, पण हे असं कसं झालं?" तू म्हणालीस, "ठेवते." ते आपलं शेवटचं बोलणं.

मला त्या क्षणी आठवलं होतं. सगळं आठवलं होतं. तरी मी तसं विचारलं.

त्यानंतर मी ते फोटो उघडले नाहीत. पुसलेही नाहीत. फोन बदलला तेव्हा नव्या फोनमध्ये आणले, पण उघडले नाहीत. स्वतःला सांगत राहिलो की चौथ्यातही ठिपकेच असतील, त्याला ताप होता, त्याला भास झाला असेल. माझ्या न जाण्याबद्दल तू रागावलीस, हे मी धरून बसलो. ती चूक मला सोसण्यासारखी होती. न गेलेली माणसं खूप असतात.

मंगळवारी जैतूनची स्लाइड बघितल्यावर मी टाकीच्या सावलीत बसलो, ते ऊन लागलं म्हणून नाही. तिथे बसून मी चौथा फोटो उघडला. मोठा केला.

आहे, ताई. डाव्या कोपऱ्यात, दोन पेशींच्या मध्ये. शोधावा लागत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलालाही दिसेल असा आहे. जंतूच्या आत केंद्रकाचा ठिपका, आणि ती लाटेसारखी कड. सहाव्या दिवशी तो रक्तातच होता, मेंदूपर्यंत गेला नव्हता. तेव्हा औषध मिळालं असतं तर वरुण वाचला असता. "कदाचित" हा शब्द मी इथे लिहिला होता, खोडला.

मी तुझा भाऊ आहे म्हणून हे तुला सांगायला आठ महिने लागले. परका असतो तर बहुधा कधीच सांगितलं नसतं. यातलं कुठलं जास्त वाईट ते मला कळत नाही.

काल दुपारी जैतून गाभडली. पिल्लू पूर्ण वाढीचं दिसत होतं, पापण्यांचे केससुद्धा होते. नूरीने ते कापडात गुंडाळून कुंपणाबाहेर पुरलं. मी खड्डा खणायला गेलो तर म्हणाला, "तू नको, दकतूर. तू तिला बघ." जैतून उभी होती आणि वळून वळून आपल्या मागची वाळू हुंगत होती.

उत्तर मागत नाही. तुला हे माहीत असायला हवं, इतकंच.

कौशिक


अल खोर, २९ नोव्हेंबर २०२५

ताई,

पोस्टाच्या नोंदीप्रमाणे मागचं पत्र तुला एकवीस तारखेला पोचलं. सही तुझी आहे.

मी काय केलं ते सांगतो. कळपात आणखी तीन उंटांत सर्रा सापडला. दोन सुधारले. तिसरा मेला. तो दोन वर्षांचा होता आणि अजून एकाही शर्यतीत उतरला नव्हता. गुरुवारी मी मालकांना सांगितलं की नूरीने पहिल्या दिवशी ओळखलं होतं, मी ऐकलं नाही आणि आजारी सांडणी मीच कळपात सोडायला लावली. ते कॉफीचा पेला हातात घेऊन ऐकत होते.

"पहिल्यांदा बघितलंस तेव्हा काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"आणि नूरी काय म्हणाला?"

"पुन्हा बघ म्हणाला."

त्यांनी पेला खाली ठेवला. ओरडले नाहीत. मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतं, ते पुढे चालू राहणार नाही असं दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून कळलं. तोपर्यंत मी काम करायचं आहे आणि नूरी ज्या जनावराचं नाव घेईल ते आधी तपासायचं आहे. मला हे बरोबर वाटतं.

नूरीची माफी मागितली. तो दोरी वळत होता. म्हणाला, "खलास, दकतूर. मेलं ते मेलं." मग थोड्या वेळाने, मी जायला निघालो तेव्हा, "तुझं दुसरं कोण मेलं?"

मी त्याला सांगितलं. टाकीपाशी बसून, हिंदीत, सगळं. तुझ्यानंतर तो एकटाच आहे ज्याला हे माहीत आहे. त्याने धीर दिला नाही. बायकोचा पत्ता दोन वर्षं लागला नाही, असं स्वतःचं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. मग आम्ही जैतूनचं रक्त घ्यायला उठलो.

तिचं आजचं रक्त स्वच्छ आहे. तीन नळ्या फिरवल्या, दोन स्लाइड बघितल्या, मग नूरीने वाळू हुंगली.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. तू म्हणशील तसं.

कौशिक


नाशिक, १४ डिसेंबर २०२५

कौशिक,

तुझी पहिली तीन पत्रं मी न फोडता कपाटात ठेवली होती. चौथं जाड लागलं म्हणून फोडलं. मग सगळी वाचली.

तू जे मला सांगितलंस ते मला फेब्रुवारीपासून माहीत आहे.

त्या दिवशी वरुणचा फोन माझ्या हातात होता. त्याचे डोळे ठणकत होते, म्हणून तुझं उत्तर मीच त्याला वाचून दाखवलं. "रंगाचे कण आहेत." तो उशीवर पडल्या पडल्या हसला. म्हणाला, "कौशिक म्हणतो ना, मग बरं." ते बरं मीच टाइप केलं. मग मीच त्याला मलेरियाच्या गोळ्या दिल्या, वेळ लावून, खायला घालून. तीन दिवसांनी तो उठून पुन्हा ती स्लाइड काढायला लागला तेव्हा मी त्याच्या हातातून घेतली आणि म्हटलं, आता पुरे, झोप. मी तसं म्हटलं. त्याला झोपच तर येत होती तेव्हापासून, दिवसा, बोलता बोलता, जेवताना घास हातात धरून. रात्री टक्क जागा. मी म्हणत होते अशक्तपणा आहे.

लुसाकाला औषध सुरू झाल्यावर त्याला मधे दोन दिवस चांगलं भान आलं होतं. त्यातल्या एका दुपारी त्याने मला जवळ बोलावलं. म्हणाला, "मला चौथ्या फोटोत दिसलं होतं. मला माहीत होतं. पण त्या खोऱ्यात कित्येक वर्षांत माणसाला झाला नव्हता, आणि मला कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. म्हणून त्याला विचारलं." आणि मग म्हणाला, "कौशिकला हे कळू देऊ नको. कधीच नको. तो पुन्हा स्लाइडला हात लावणार नाही." मला शपथ घ्यायला लावली. उर्वीची.

तू मला विचारलंस, हे असं कसं झालं, ते त्याच्या आदल्या दिवशीचं. मी तेव्हाच सांगणार होते. जिभेवर आलं होतं. म्हणून ठेवते म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी शपथ पडली.

तर मी तुझ्याशी बोलणं बंद केलं ते यामुळे. बोलले असते तर एक तर खोटं बोलावं लागलं असतं किंवा शपथ मोडावी लागली असती. रामकुंडावर तू समोर उभा होतास आणि मला तुझा गळा धरावासा वाटत होता आणि तुझ्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. दोन्ही करता येत नव्हतं म्हणून पोरीचा हात धरून उभी राहिले. तिचा हात त्या दिवशी लाल झाला होता, तू बरोबर बघितलंस.

त्याने तुला माफ केलं होतं. मी केलेलं नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण तू स्पष्ट लिहिलंस. तू दोन फोटो उघडले नाहीस आणि मी स्लाइड हातातून काढून घेतली. रात्री मी या दोन गोष्टी शेजारी ठेवते, आणि जी जड वाटते ती रोज बदलते. ज्या दिवशी तुझी जड वाटते तो दिवस मला जरा सोपा जातो. म्हणून मी तुझ्यावरचा राग सांभाळून ठेवला आहे, कौशिक. तू तो माझ्याकडून एवढ्यात मागू नकोस.

आईला सांगायचं नाही. तिला दोन्ही मुलं हवीत.

आता उर्वीचं. ती झोपते तेव्हा मी तिच्या श्वासाकडे बघत बसते, ते तिला कळलंय. गेल्या महिन्यात तिने विचारलं, "आई, डिड बाबा नो ही वॉज सिक?" मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला दिसलं, मी खोटं बोलतेय हे तिला कळलंय. ती आता मला काही विचारत नाही. तेव्हापासून तिने बाबाचं नाव काढलेलं नाही, आणि झांबियातल्या त्या घरातल्या, त्या गावातल्या कुठल्याच गोष्टीचं नाही. सासूबाईंना वाटतं पोर सावरली. ती सावरलेली नाही. ती माझ्यासारखी होतेय.

मला तिला सांगता येत नाही. तीनदा बसले, जमलं नाही. माझ्या तोंडून ते तुझ्यावर ढकलल्यासारखं निघतं, किंवा स्वतःवर, आणि तिला त्यातलं काहीच नको आहे. तिला काय झालं ते हवं आहे. तू जसं मला लिहिलंस, सजवल्याशिवाय, तसं तिला सांग. माशी कशी चावली, त्याने रक्त कसं रंगवलं, त्याला काय दिसलं, त्याने तुला का विचारलं, तू काय उत्तर दिलंस, मी काय केलं. माझंही सांग. सोप्या मराठीत सांग. ती उत्तर इंग्रजीत देईल, पण तिला सगळं समजतं.

ती रडली तर थांबू नकोस. फोन ठेवू नकोस. आमच्याकडे फोन फार ठेवले गेले.

रविवारी सकाळी अकरा वाजता ती घरी असते. नवा नंबर पाकिटाच्या आत लिहिला आहे. मी तिच्या शेजारी बसलेली असेन. मी तुझ्याशी बोलणार नाही, पण मी ऐकत असेन.

फोन कर.

भैरवी